चंदाचा पाय आणि सुखरामची गाडी

सानगडीच्या स्टँडवर ‘गाडी आली’ असं कोणी म्हटलं, की कोणाची हे विचारायची गरज नसे. गाडी म्हणजे सुखरामची. पांढरी जुनी व्हॅन. पांढरी आता कागदावरच राहिली होती, एक दार सुतळीच्या मेहेरबानीवर लागत होतं आणि मागचं सीट काढून तिथं दोन लाकडी फळ्या बसवल्या होत्या. इंजिन समोरच्या सीटखाली, त्यामुळे हिवाळ्यात समोर बसायला भांडणं आणि उन्हाळ्यात मागे बसायला. गावच्या कितीतरी पोरी याच गाडीतून सासरी गेल्या आणि याच गाडीतून बाळंतपणाला माहेरी आल्या. सुखरामला या सगळ्याचा भारी गर्व होता, आणि तो झाकून ठेवण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही. तलावाखाली त्याची धानाची थोडी बांधी होती, पण कोणी शेतकरी म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं. तो स्वतःला ड्रायव्हर म्हणवून घ्यायचा.

आणि नेमके त्याचे डोळेच गेले. एकदम नाही गेले, कडेकडेनं गेले. एका सकाळी रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, बायांना घेऊन जाताना बोडीच्या लहान तळ्याजवळचं वळण त्याला दिसलंच नाही आणि गाडी शेताचा धुरा ओलांडून सरळ बांधीतल्या चिखलात जाऊन बसली. कोणाला खरचटलंही नाही. बाया हसत उतरल्या, ढकलून गाडी वर काढली, आणि त्या गोष्टीवर पुढे महिनाभर विनोद झाले. सुखराम मात्र स्टिअरिंग धरून तसाच बसून होता. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येणार नाही, राहिलेली थेंब टाकून जपायची, आणि गाडी चालवायची नाही.

मुलगा धनंजय तुमसरला राइस मिलमध्ये ऑपरेटर, सुटीच्या दिवशी घरी येणारा. त्याचा उपयोग नव्हता. ड्रायव्हरच्या पोटी जन्मून त्याला गाडीत बसलं की ओकारी यायची. म्हणजे गाडी विकणं आलं. घरात सगळे जेवायला बसलेले असताना सुखराम ताटाकडे पाहत म्हणाला, गाडी चंदा चालवेल. त्याच्या बायकोच्या, सत्यभामाबाईच्या हातातली पळी वरणाच्या गंजात पडली. चंदा म्हणजे धनंजयची बायको, घरची सून. तिनं सायकलखेरीज काही चालवलेलं नव्हतं.

चंदाचं माहेर गोसीखुर्दच्या धरणात गेलेलं. आता माहेर म्हणजे पुनर्वसनाच्या वसाहतीतलं, एका ओळीतलं, शेजारच्या घरासारखंच दिसणारं एक घर. तिथं ना तिचा आंबा होता ना तिची विहीर. बारावी झाल्यावर लग्न झालं, आणि हेच आपलं घर असं तिनं स्वतःला समजावलं. त्यामुळे सासऱ्यानं गाडीची चावी हातात ठेवली तेव्हा तिला काय वाटलं, ते सांगून समजणार नाही. ज्याचं गाव बुडालं त्यालाच ते समजेल.

सुखरामनं तिला शिकवलं ते मात्र जीव लावून. उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरकलं की जी टणक जमीन उघडी पडते, तिथं तो तिला नेई. स्पीडच्या काट्यावर दुपट्टा टाके आणि म्हणे, कानानं चालव, इंजिन तोंडानं सांगते कोणता गिअर पाहिजे ते. ड्रायव्हरनं मिस्त्रीच्या भरोशावर राहू नये म्हणून त्यानं तिला प्लग काढून साफ करायला शिकवलं, फिल्टर फुंकायला शिकवलं, तार जोडून तिच्यावर टेप गुंडाळायला शिकवलं. टेप गुंडाळल्यावर तिच्या टोकाला पेटत्या बिडीचा चटका द्यायची त्याची खास पद्धत होती. टोक वितळून चिकटतं, मग पावसाळ्यातही सुटत नाही. चंदा बिडी ओढत नव्हती, म्हणून ती काडी वापरायची. एवढाच काय तो गुरुशिष्यांत फरक.

गाव आधी हसलं, मग पाहत राहिलं, आणि चंदाला लायसन मिळालं तसं गावानं सुखरामला डोक्यावर घेतलं. सासरा असावा तर असा, हे वाक्य त्या वर्षी सानगडीत ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. बचत गटाच्या बायांनी कार्यक्रम करून त्याला शाल दिली. चंदाला शाल दिली नाही. चालवत ती होती, पण शिकवलं त्यानं होतं ना. चंदाला त्यात काही वावगं दिसलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीच पुढे होती.

ती चालवायची आणि सुखराम डाव्या सीटवर बसायचा. एक अख्खा हंगाम बिनघोर गेला. आनंदाबाईची टोळी तिच्या गाडीनं जाऊ लागली. आनंदाबाई आसपासच्या गावांतले रोवणे ठरवून घ्यायची आणि गावच्या बाया घेऊन जायची. ही बाई बोलायला तिखट आणि वेळेला पक्की. उपटलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बांधावर फार वेळ राहिली की वाळतात, बाया उशिरा पोचल्या की मालक दुसरी टोळी बघतो. आनंदाबाईची टोळी ज्या गाडीत, त्या गाडीचं रोवणीपासून कापणीपर्यंत बरं चालणार. तिनं गाडी बदलली तर ती दारात उभी राहून गंजणार. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी रोवणीच्या तोंडावर सानगडीच्या बाजारात चंदानं गाडी उभी केली आणि लांबून कोणीतरी बाई ओरडली, ‘चला वो, चंदाची गाडी आली.’ सुखराम मोठ्यांदा हसला, सगळ्यांत जास्त हसला. गाडी तुझ्या नावावर झाली म्हणून त्यानं तिला चिडवलंसुद्धा. चंदा लाजली. घरी येऊन तिनं ते सासूला दोनदा सांगितलं.

त्यानंतर काही दिवसांनी गाडी बंद पडायला लागली.

पहिल्यांदा पडली ती भर स्टँडवर, बाया बसलेल्या असताना. चंदानं क्लच सोडला, गाडी हलली आणि गप्प झाली. तिनं सेल्फ मारला. इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. परत मारला, पुन्हा तेच. मागून कुजबुज सुरू झाली. मग सुखराम म्हणाला, सरक. तो खाली उतरला, गाडीच्या पुढच्या अंगाला हात लावत सावकाश फिरून आला, ड्रायव्हरच्या सीटवर बसला, स्टिअरिंगला नमस्कार केला आणि चावी फिरवली. गाडी एका झटक्यात चालू. बाया खदखदून हसल्या. कोणी म्हणालं, गाडी मालकाला ओळखते.

असं मग होतच राहिलं. कधी सानगडीच्या चौकात, कधी बांधावर मालक उभा असताना. एकटी असली की कधी नाही, बाया असल्या की बहुतेकदा. आणि दरवेळी सुखरामच्या हातानं ती लगेच चालू व्हायची. चिडला मात्र तो एकदाही नाही. तिला समजावायचा, क्लच सोडताना तुझा पाय थरथरतो, बायांच्या पायाला सवय नसते, येईल हळूहळू. हे तो मागच्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, पण तेव्हा चंदाच्या ते लक्षात आलं नाही. तिनं ते खरं मानलं. दुपारी सगळे झोपले की ती उभ्या गाडीत जाऊन बसायची आणि क्लच दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची, पायात गोळा येईपर्यंत. एका संध्याकाळी तिनं सुखरामच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडत म्हणाली, मामाजी, तुम्ही एवढं शिकवलं आणि माझा पायच खोटा निघाला. त्यानं तिच्या डोक्यावर हात फिरवला. ‘होते बेटा,’ तो म्हणाला, ‘सगळ्याईलेच जमते असं नाही.’

पण त्यानंच तिला एक खोड लावली होती, दोष सापडेपर्यंत शोधायचा. तिनं प्लग बदलले. फिल्टर नवा टाकला. कार्बोरेटर उघडून जेट फुंकला, टाकीत पाणी गेलं असेल म्हणून टाकी रिकामी केली. गाडी तिला आणि ती गाडीला कंटाळली. शेवटी ती साकोली रस्त्यावरच्या इश्वर मिस्त्रीकडे गेली. इश्वरनं गाडी तासभर चालवली, चढावर चढवली, खड्ड्यांतून नेली. गाडी शहाण्या पोरासारखी चालली. हात पुसत त्यानं विचारलं, बंद पडते तेव्हा कशी पडते, खोकलत की एकदम?

‘एकदम,’ चंदा म्हणाली. ‘दिवा गेल्यावानी.’

‘मंग पेट्रोल सोड, कार्बेटर सोड. पेट्रोल कमी पडलं तं गाडी झटके देऊन देऊन मरते. एकदम मेली म्हंजे करंट तुटला. कॉइलची तार पाहा.’ आणि मग आठवल्यासारखं तो म्हणाला, ‘ह्या गाडीले चोर स्विच होता ना जी? मीच लावला होता, ड्रायव्हर सीटखाली.’

चोर स्विच म्हणजे लपवून ठेवलेलं एक बटण. ते दाबलं की करंट तुटतो, आणि चोरानं कितीही सेल्फ मारला तरी गाडी चालू होत नाही. बाजारातून गाड्या चोरीला जायच्या त्या काळात सुखरामनं तो बसवून घेतला होता. चंदाला हे माहीत होतं. मामाजींनी तो केव्हाचाच काढून टाकला, ती म्हणाली. ड्रायव्हर सीटखाली इश्वरनं बोटं फिरवून पाहिली. खरोखरच तिथं काही नव्हतं.

मग तलावाच्या पारेवरचा, म्हणजे मातीच्या बांधावरचा, प्रसंग घडला. पारेवर चढताना रस्ता अरुंद आहे, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल बांध्या. गाडी बायांनी भरलेली. ऐन चढावर इंजिन गेलं आणि गाडी मागे सरकली. बाया किंचाळल्या. सुखरामनं त्याच क्षणी हँडब्रेक ओढला म्हणून गाडी थांबली, नाहीतर काय झालं असतं ते कोणी बोलून दाखवलं नाही. बाया उतरल्या त्या त्याचे पाय धरायलाच उतरल्या. डोळे गेले तरी माणूस किती जागा, असं म्हणाल्या. चंदाकडे कोणी पाहिलं नाही. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती.

त्या दुपारी आनंदाबाई घरी आली. बसली नाही, दारातूनच बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच चंदाला जास्त लागलं. आणखी एकदा असं झालं तर टोळी गावातल्या बाबुलालच्या नव्या गाडीनं जाईल, असं ती म्हणाली. बायांच्या जिवाचा प्रश्न आहे, तू मनाला लावून घेऊ नको.

खाटेवरून सुखराम म्हणाला, ‘मी चालवतो नं मंग. मले रस्ता पाठ हाये. चंदा बाजूले बसंल, डोरे तिचे, हात माहे.’

आनंदाबाईनं विचार केला. चंदाला वाटलं ती हसेल, कारण या माणसानं दोन वर्षांपूर्वी याच बायांना चिखलात नेऊन बसवलं होतं. पण ती हसली नाही. गाडी त्याच्या हातची चालू होते हे तिनं डोळ्यानं पाहिलं होतं. सुखरामदादा, तसंच करू, ती म्हणाली, पण उद्या काम नाही, परवाची खेप पोरीनंच न्यावी, शेवटची संधी म्हणून. ती गेली आणि चंदाच्या एकाएकी ध्यानात आलं. ज्याला वळण दिसत नाही त्याच्या हाती ती पार जाणार होती, ते पाणी, त्या बाया. आणि हे सगळं आपल्या पायामुळे.

दुसऱ्या दिवशी सुखराम आणि सत्यभामाबाई भंडाऱ्याला डोळे तपासायला बसनं गेले. चंदा अंगणात धान्य निवडत होती. निवडता निवडता तिला एकदम आठवलं. गाडी बंद पडायला लागल्यावर मामाजी एकदा असेच तपासायला गेले होते, तेव्हा ती बायांना घेऊन लांब लाखांदूरकडे गेली होती. सकाळी गेली, संध्याकाळी आली, आणि गाडी एकदाही बंद पडली नव्हती. त्या दिवशी काय वेगळं होतं? रस्ता खराबच होता, बाया तितक्याच होत्या, पाय हाच होता. सूप तसंच खाली ठेवून ती उठली.

डावं सीट रिकामं होतं, एवढंच वेगळं होतं.

तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. तार दबत असणार. डाव्या सीटखाली कॉइलची तार कुठं तरी चेपली असणार. माणूस बसला, वजन पडलं, गाडी हिंदकळली की करंट तुटत असणार. इश्वर एकटाच चालवत होता, म्हणून त्याला सापडलं नाही. मामाजी उतरले की वजन निघतं, म्हणून त्यांच्या हातानं चालू होते. सगळं जुळत होतं. दोष पायात नव्हता, सीटमध्ये होता. संध्याकाळी मामाजी आले की पहिल्यांदा त्यांनाच सांगायचं, असं तिनं ठरवलं. ते म्हणतील, शाबास, शोधलीस.

तिनं डावं सीट उचललं. कॉइलची जुनी तार काळी पडलेली, पण धड होती. कुठं चेपलेली नव्हती, कुठं सोललेली नव्हती. मात्र मधेच ती कापलेली होती आणि तिथून दोन पिवळ्या तारा निघत होत्या. नव्या तारा. मोटरपंपाला घेतलेल्या वायरचं उरलेलं भेंडोळं घराच्या माळ्यावर होतं, तीच पिवळी. चंदानं तारांवर बोट ठेवलं आणि त्या जातील तिकडे बोट नेलं. सीटच्या चौकटीखालून, रेक्झिनच्या आतून, दाराच्या बाजूला. तिथं, बसणाऱ्याचा डावा हात सहज खाली लोंबेल अशा जागी, एक लहानसं बटण होतं.

जोडावरची टेप नीट गुंडाळलेली होती. टोकाला बिडीचा चटका होता.

तिनं गाडी चालू केली. फिरून डावीकडे आली आणि बटण दाबलं. इंजिन एकदम मेलं, दिवा गेल्यासारखं. तिनं बटण पुन्हा होतं तसं केलं आणि सेल्फ मारला. गाडी चालू. पुन्हा दाबलं. पुन्हा मेलं. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. ती खोटं ठरवायला पाहत होती आणि ते दरवेळी खरंच निघत होतं.

मग ती गाडीच्या पायरीवर बसली आणि तिला पारेवरचा हँडब्रेक आठवला. इंजिन मेलं, गाडी सरकली, त्यानं ब्रेक ओढला, असं सगळे सांगत होते. पण चंदा बाजूलाच होती. इंजिन मेलं तेव्हा त्याचा उजवा हात ब्रेकवर आधीच होता. चढ लागायच्या आधीपासून होता. तेव्हा तिला वाटलं होतं, किती काळजी घेतात मामाजी.

याला केसानं गळा कापणं म्हणतात. वैऱ्यानं केलं असतं तर चंदा भांडली असती, बाबुलालनं केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन चार शिव्या घातल्या असत्या. पण ज्यानं चावी दिली, ज्यानं टेप गुंडाळायला शिकवलं, त्यानं त्याच टेपनं हे केलं होतं. तिचं नाव एकदा, फक्त एकदा, बाजारात कोणी घेतलं होतं. आणि ती त्याच्या पायावर रडली होती तेव्हा त्यानं डोक्यावर हात फिरवला होता. तो हात आठवला आणि तिला शिसारी आली. गाडी बंद पाडली ते एक वेळ तिनं गिळलं असतं. तो हात तिला गिळता येईना.

पक्कड घेऊन तिनं पिवळ्या तारा तोडल्या. काळी तार पुन्हा सरळ जोडली, टेप गुंडाळली, टोकाला काडीचा चटका दिला. बटण तिथंच राहू दिलं. पिवळ्या तारांची टोकं आत दडवली आणि सीट होतं तसं बसवलं.

संध्याकाळी म्हातारा-म्हातारी बसनं आले. शाल पांघरलेला सुखराम थकलेला दिसत होता. साकोलीच्या स्टँडवरचा आलूबोंडा तो दरवेळी तिच्यासाठी आणायचा, तसा आजही कागदात बांधून आणला होता. सत्यभामाबाईनं बाहेर पसरलेली हत्यारं पाहिली आणि विचारलं, काही सापडलं का. ‘काही नाही,’ चंदा म्हणाली, ‘तार घासत होती.’ सुखराम पाय धूत होता. पाण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आलूबोंडा तिनं कागदासकट गाईपुढे टाकला.

उशीत तोंड खुपसून ती रात्रभर एकाच गोष्टीची वाट पाहत होती. तार घासत होती हे ऐकल्यावर तो उठून येईल आणि काहीतरी बोलेल. चुकलो म्हणेल, किंवा म्हणणार नाही पण उद्या मी येत नाही, तू जा, एवढं तरी म्हणेल. तेवढ्यावर ती सगळं सोडून द्यायला तयार होती.

सकाळी तो अंघोळ करून, शाल घडी घालून खांद्यावर टाकून, डाव्या सीटवर येऊन बसला.

आनंदाबाईची टोळी मागे दाटीवाटीनं बसली. गाडी गावाबाहेर पडली तशी एकीनं गाणं काढलं आणि बाकीच्यांनी उचललं. आभाळ भरून आलेलं होतं. चंदा समोर पाहत होती, पण तिचे कान डाव्या बाजूला होते. त्यानंच शिकवलं होतं, कानानं चालव. पार दिसू लागली. चढ सुरू व्हायच्या आधी सुखरामचा उजवा हात हळूच हँडब्रेकवर आला. तिनं दुसरा गिअर टाकला.

खट.

आवाज इतका बारीक होता की मागे गाण्यात तो कोणाला कळणं शक्य नव्हतं. इंजिन चालत होतं. पुन्हा खट. मग खट, खट, घाईनं. गाडी पार चढत होती, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हिरव्या बांध्या, आणि मागे बाया दुसऱ्या कडव्यावर आल्या होत्या.

‘ब्रेकवरचा हात काढा, मामाजी,’ चंदा समोर पाहतच म्हणाली. ‘गाडी चालू हाये.’

त्यानं हात काढला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला, ते दुसऱ्याचे असावेत तसा. पार संपली, उतार लागला. आता बोलेल, आता बोलेल, असं चंदाला वाटत होतं.

अखेर तो अगदी हळू बोलला. ‘बायांले सांगशील काय?’

झालं. एवढंच होतं त्याच्याजवळ. तिच्या पायाचं नाही, पारेवरच्या त्या दिवसाचं नाही. आपल्या शालीचं काय होईल, तेवढंच. काल बटण सापडलं तेव्हासुद्धा तिला इतकं परकं वाटलं नव्हतं. तिचं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा निदान सगळ्यांना आधी सांगून गेलं होतं.

‘नाही सांगत,’ ती म्हणाली. ‘पन माह्या बाजूले बसू नोका आता. मांगं बसा.’

पुढच्या फाट्यावर तिनं गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. सुखराम उतरला, गाडीला हात लावत लावत मागे गेला आणि सुतळीचं दार उघडलं. स्वतःच्या गाडीत तो जन्मात कधी मागे बसला नव्हता. गाणं थांबलं. बायांनी सरकून फळीवर त्याला जागा केली. आनंदाबाईनं विचारलं, काहून दादा, आज मागे?

‘समोर उन्ह लागते,’ सुखराम म्हणाला.

बायांनी बाहेर काळ्याभोर आभाळाकडे पाहिलं. आनंदाबाईनं आरशातून चंदाकडे पाहिलं, मग रिकाम्या सीटकडे, मग खाली मान घालून बसलेल्या सुखरामकडे. ती फार वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘चाल पोरी, पऱ्हे वारून जातीन.’

चंदानं पहिला गिअर टाकला. क्लचवरचा पाय आज खरंच थरथरत होता, गुडघ्यापासून थरथरत होता, आणि तो थांबवणं तिच्या हातात नव्हतं. तिनं तो तसाच सोडला. गाडी बंद पडली नाही.